मनकर्णेला थंड चालत नाही

संत्र्याचा मोसम लागला की मनकर्णा रोज दुपारी, घरातल्यांची जेवणं आटोपल्यावर, मागच्या ओसरीत टोपली घेऊन बसायची. संत्रं सोलायचं, फोडी सुट्या करायच्या आणि प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे नखाने ओढून काढायचे. सासूला धागे आवडत नसत, नवऱ्याला बिया. दोघांच्या वाट्या भरल्या की ती हात धुवायची आणि गुळाचा खडा तोंडात टाकून भांड्यांकडे वळायची. संत्री तिच्याच माहेरची असत. पांढुर्ण्याजवळ तिच्या वडिलांची, नत्थूजींची, बाग होती. ते दरवर्षी सौंसरला करंड्या पाठवत, लेकीने खावं म्हणून. लेक त्यातली एक फोडही तोंडात घालत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कारण संत्रं थंड. ताक थंड, दही थंड, पालेभाजी वातूळ, अंबाडीची भाजी तर नावही काढायचं नाही. मनकर्णेची पिशवी थंड पडली आहे, म्हणून दर महिन्याला तिचं पोट दुखतं आणि म्हणूनच कूस उजवत नाही, असं तिच्या सासूने, शकुबाईने, लग्नानंतर दोन-तीन वर्षांत ठरवून टाकलं होतं. थंडीवर उपाय गरम. मेथी, तीळ, जवस, गूळ, आणि सगळ्यात वर बिबा.

तिचा नवरा, भगवंतराव, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून होते. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मनकर्णा त्यांची बायको होऊन आली. पोट तेव्हाही दुखायचं. माहेरी आई म्हणायची, लग्न झालं की थांबते. लग्न झाल्यावर सगळे म्हणू लागले, लेकरू झालं की थांबते. लेकरू झालं नाही, आणि मग थांबण्याबद्दल कोणी बोलेनासं झालं.

कचेरीवर पहिल्यांदा तिरंगा चढला त्या दिवशी सारं गाव तिकडे लोटलं होतं. मनकर्णा मागच्या पडवीत पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली होती. ती दूर बसली होती. पाळीचे चार दिवस त्या घरात बाईला कोणी शिवत नसे. पाणी वरून ओतायचं, भाकर पानावर लांबूनच सरकवायची. शकुबाई कचेरीवरून बुंदी घेऊन आल्या, पानावर ठेवली आणि पदर सावरत म्हणाल्या, "खा वं. गोड गरम असते. झेंडा तर दिसला नाही तुले, बुंदी तरी खा."

"आत्याबाई, इथं हात ठेवून पाहा न जरा. आतून कोनी पिळून राहिलं असं वाटते."

"आता कसा ठेवू, माय? चौथ्या दिवशी पाहू."

चौथ्या दिवशी ती न्हाऊन, कुंकू लावून चुलीपाशी उभी असायची. दुखणं ओसरलेलं असे. पाहायला काही उरत नसे. ज्या दिवसांत पोटावर कोणाचा तरी हात हवा होता, नेमक्या त्याच दिवसांत तिला शिवायला बंदी होती. घरातल्या कोणीच ते दुखणं जवळून पाहिलं नाही. पडवीतून येणारं कण्हणं तेवढं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि रोज ऐकू येणाऱ्या आवाजाची होते तशी त्याचीही सवय झाली.

शकुबाई दुष्ट नव्हत्या. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे घरात त्यांच्यावरच सगळं ढकललं गेलं. सुनेसाठी बाजारच्या दिवशी डोंगराकडून येणाऱ्या बायांकडून त्या स्वतः निवडून बिबे आणत. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, त्याचं तेल थेंबाथेंबाने गरम दुधात पाडायचं. शकुबाई समोर बसून ते दूध प्यायला लावत. बाळंतिणीला, वाताच्या माणसाला बिबा देतात, तो पुष्कळांना सोसतो. मनकर्णेला सोसला नाही. एका हिवाळ्यात तो तिच्या अंगावर उतला. ओठ सुजले, मांड्यांवर फोड आले, अंगाची आग आग झाली. शकुबाईंनी घाबरून तिला सुकं खोबरं चारलं, अंगाला खोबऱ्याचं तेल लावलं, आठ दिवस तिच्या उशाशी बसून काढले. नवव्या दिवशी म्हणाल्या, "आता थोडाच देत जाईन. एकच थेंब."

"आत्याबाई, त्यापरीस मले ताकाचा एक घोट द्या."

"अन् मंग पोट दुखलं म्हंजे?"

"दुखूनच तर राहिलं हाय."

शकुबाई हसल्या. मनकर्णाही हसली. ताक मात्र मिळालं नाही.

वर्षं गेली तसं दुखणं चार दिवसांचं राहिलं नाही. पाळीच्या आधी आठवडाभर सुरू व्हायचं, शौचाला बसताना कळ यायची, कमर धरायची. तिची नखं पांढरी पडली. विहिरीवरून घागर आणताना ती दोनदा थांबू लागली. जवळच्या रामाकोना गावातल्या एका नातेवाइकाची सून नागपूरला डॉक्टरीणबाईला दाखवून बरी झाली, हे तिच्या कानावर आलं. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला. लेकरासाठी नाही. "लेकराचं राहू द्या," ती भगवंतरावांना म्हणाली, "मले एवढंच पाहाचं हाय का हे दुखते ते खरं हाय का माया मनाचं. डॉक्टरनं सांगितलं का खरं हाय, तर मी उगी राहीन."

भगवंतराव नाही म्हणाले नाहीत. ते कोणालाच नाही म्हणत नसत. ते म्हणाले, "हो, जाऊ न. हे राज्याचं एकदा निपटू दे."

छप्पन्न साल होतं. राज्यं नव्याने पाडली जात होती. आजवर सौंसरच्या कचेरीतला प्रत्येक कागद राजधानी नागपूरला जायचा. आता नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर मध्य प्रदेशात राहणार, असं ठरलं. कारकुनांची नावं कोणत्या बाजूला निघतात याची कचेरीत रोज चर्चा. भगवंतरावांना रजा मागायची भीती वाटू लागली. त्यांचं नाव मध्य प्रदेशच्या बाजूला निघालं. मग भोपाळकडून हिंदीतले हुकूम येऊ लागले, ते समजून घेण्यात दिवस जाऊ लागले. मनकर्णेने पुन्हा विचारलं तर ते म्हणाले, "नागपूर आता आपलं राहिलं नाही वं. तिकडच्या सरकारी दवाखान्यात आपल्याले कोन विचारते? इकडेच कोनी चांगला डॉक्टर पाहू."

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती अंगणात चक्कर येऊन पडली, तेव्हा ते निघाले.

सौंसरहून नागपूरला जाणारी छोटी गाडी होती तशीच होती. तेच डबे, तोच धूर. भगवंतराव खिडकीतून बाहेर पाहत राहिले. कुठेतरी मध्य प्रदेश संपला आणि मुंबई राज्य लागलं. गाडी थांबली नाही, तिकीट कोणी विचारलं नाही, शेतातली कपाशीची पऱ्हाटी दोन्हीकडे सारखीच होती.

"लागलं का हो ते दुसरं राज्य?" मनकर्णेने विचारलं.

"लागलं असन."

"मले काही समजलंच नाही," ती म्हणाली.

भगवंतरावांनाही समजलं नव्हतं. ज्या सीमेचं नाव सांगून त्यांनी वर्ष काढलं होतं, ती दिसलीसुद्धा नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मनकर्णेच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग साध्या शब्दांत सांगितलं: पिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसंच बाहेरही वाढलं आहे. दर महिन्याला तिथेही रक्त सुटतं, त्याला वाट नसते, सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. एका बाजूला मोठी गाठ झाली आहे, ती काढावी लागेल.

"म्हंजे दुखते ते खरं हाय?"

"खरं आहे. इतकं सहन कसं केलंत?"

मनकर्णा पदराने तोंड झाकून बसली. भगवंतरावांनी खाण्याबद्दल विचारलं. थंड, गरम, बिबा, सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, हा आजार खाण्याने झाला नाही आणि नुसत्या खाण्याने जाणारही नाही. पण हिला रक्तच राहिलेलं नाही. भाज्या, फळं, ताक, दही बंद करून तुम्ही हिला वर्षानुवर्षं अर्धपोटी ठेवलंत. अशा अंगावर आज शस्त्रक्रिया करता येणार नाही. दोन महिने गोळ्या द्या, पोटभर खाऊ घाला आणि मग आणा.

ते दोन महिने शकुबाईंनी ताक स्वतः घुसळलं. पालक स्वतः निवडला. बिब्यांची पुरचुंडी परसात पुरली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मले कोनी सांगितलंच नाही, माय." मनकर्णेने त्यांचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. ते पाळीचे दिवस होते. शकुबाईंनी हात काढला नाही.

नखांना थोडा रंग आला. दुखणं होतंच. पण आता ती ते दुपारी ओसरीत बसून, सगळ्यांसमोर सांगायची.

फेब्रुवारीत ती पुन्हा नागपूरला गेली. आत गाठ फुटलेली होती, आतडीही चिकटली होती. दोन महिन्यांत आलेलं रक्त पुरलं नाही. सकाळी गुंगीचं औषध देऊन तिला आत नेलं, त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही. वय तिशीच्या आत-बाहेर.

भगवंतरावांनी दुसरं लग्न केलं नाही. म्हातारपणी संत्र्याच्या दिवसांत ते सोललेली फोड हातात घेऊन बसत आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळचं सांगत. नत्थूजींनी करंडी दिली होती. तिने एक संत्रं मागितलं, तसं आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्यासाठी सोललं. रस मनगटावर ओघळला, फोडी फाटल्या. ते एकेका फोडीवरचे धागे काढत बसले, तिने काढावे तसे. खाटेवर उशीला टेकून ती पाहत होती. मग तिने हात पुढे केला.

"धागे राहू द्या न. असंच चांगलं लागते."