तिन्ही बाटल्यांना एकच वास

महादेवरावांनी बाटलीचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"मॅडम, हिला नासक्या अंड्याचा वास येतुया. दुसरीला कसलाच न्हाय. म्हंजे हीच खरी!"

बारामतीच्या माझ्या क्लिनिकमधली चाचणी सुरू होण्याआधीच निकालात निघाली होती.

मी मानसोपचारतज्ज्ञ. महादेवराव बावड्याचे, पेरूचे बागायतदार. शेजारी त्यांची बायको सुनंदा बसली होती. डोक्यावर पॅकिंग शेडमध्ये घालतात ती कापडी टोपी. शेड बंद झालं तरी ती टोपी निघायची नाही, कारण खाली टाळूवर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. केस गळत नव्हते. सुनंदा ते स्वतःच उपटत होती. संध्याकाळी टीव्हीसमोर बसली की बोटं आपोआप डोक्याकडे जायची, एखादा खरखरीत केस शोधायची आणि ओढायची. क्षणभर बरं वाटायचं, मग रडू यायचं. याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. हा आजार आहे, पण बहुतेकांना ती वाईट खोड वाटते. त्यामुळे पेशंट आमच्याकडे येण्याआधी कितीतरी वर्षं तो लपवत राहतात. सुनंदाने माहेरी जाणंच सोडलं होतं. तिथे आई डोक्याला तेल लावायला बसवेल, ही भीती.

हात डोक्याकडे निघाला की मूठ आवळायची, हाताला दुसरं काम द्यायचं, असा सराव आम्ही सुरू केला होता. थोडा उपयोग झाला. एक गोळी दिली, तर शेडमध्ये उभ्याउभ्या डुलक्या लागायला लागल्या. ती बंद केली.

राहिलं एन-अॅसिटाइल सिस्टीन. आम्ही त्याला नुसतं 'नॅक' म्हणतो. कफ पातळ करायला ते वर्षानुवर्षं देतात, सप्लिमेंट म्हणूनही मिळतं. केस उपटण्याच्या आजारात काहींना त्याने गुण येतो, काहींना येत नाही. मी हे सगळं सांगितलं.

सुनंदा म्हणाली, "द्या की. पर मॅडम, औषधानं कमी झालं का मला वाटलं म्हनून कमी झालं, ते कळाया पायजे. मागं अंगारा लावला तवाबी म्हैनाभर बरं वाटलं हुतं."

मी खुर्चीत पुढे सरकले. असा प्रश्न पेशंटकडून क्वचित येतो.

"मग तपासूया," मी म्हणाले. "काही बाटल्यांत औषध असेल, काहींत नुसती पावडर. कशात काय, हे तुलाही माहीत नसेल आणि मलाही. चालेल?"

"चालंल!" ती हसली. पहिल्यांदाच.

बिनऔषधी कॅप्सूलला प्लासिबो म्हणतात. इंदापूरला फार्मसी कॉलेजात शिकवणारे माझे मित्र गायकवाड सर दोन्ही प्रकारच्या कॅप्सूल भरून देणार होते. त्यांनी रंग, आकार, वजन सगळं जुळवलं. वास मात्र राहिला. नॅकमध्ये गंधक असतं, त्याचा हा वास. महादेवरावांच्या नाकाने तो पकडल्यावर मी तिथूनच सरांना फोन लावला.

"वास घालवता येणार नाही," सर म्हणाले. "पण सगळ्यांनाच देता येईल!"

त्यांनी प्रत्येकी तीन महिने पुरतील अशा तीन नव्या बाटल्या पाठवल्या. कशात काय, हे फक्त त्यांनाच माहीत होतं. प्रत्येकीच्या तळाशी नॅकच्या पावडरीची छोटी, बारीक छिद्रांची पुडी. महादेवरावांनी तिन्ही हुंगल्या आणि हात टेकले.

"न्हाय बा. समद्याच नासक्या!"

पहिली बाटली सुरू झाली. आठवडाही झाला नव्हता, तोच महादेवरावांचा फोन आला.

"मॅडम, लागू पडली! हात डोक्याकडं जातच न्हाय!"

मला इतका आनंद झाला की मी लगेच सरांना फोन केला. ते म्हणाले, "मी काहीही ऐकलेलं नाही," आणि फोन ठेवून दिला. बाटली संपेपर्यंत सुनंदाचा हात पुन्हा डोक्यात होता.

मध्ये थोडी विश्रांती, मग दुसरी बाटली. बरेच दिवस काहीच नाही. पोटात किंचित जळजळ तेवढी. सुनंदा कंटाळली, "सोडूनच देते" म्हणाली. मी म्हटलं, बाटली तरी संपव. महादेवराव दर आठवड्याला एकाच जागी, एकाच उजेडात टाळूचा फोटो काढायचे. एका रविवारी फोटो आला आणि मी तो मोठा करून बघतच राहिले. उघड्या जागेवर कोथिंबीर उगवावी तसे बारीक काळे केस! पुढच्या फोटोत आणखी दाट.

तिसऱ्या बाटलीत काही दिवस बरे गेले, मग ओढणं पुन्हा सुरू झालं.

शेवटी आम्ही सगळे क्लिनिकमध्ये जमलो. गायकवाड सर मुद्दाम इंदापूरहून आले.

"आधी तुम्ही सांगा," ते म्हणाले.

"पयलीच!" महादेवराव म्हणाले. "काय झटका हुता तिचा!"

सुनंदाने मान हलवली. "न्हाय. दुसरी. पयलीत मी सारखी हात आवरत हुते. दुसरीत हाताला याद कमीच येत हुती."

सरांनी चष्मा पुसला.

"पहिली नुसती पावडर. तिसरीसुद्धा. औषध दुसरीत होतं."

सुनंदाने टाळी वाजवली आणि लगेच तोंडावर हात धरला. महादेवराव "आयला!" म्हणून उभेच राहिले. मीही उभी होते, हे मला नंतर कळलं.

नॅक पुन्हा सुरू केलं, सराव चालूच ठेवला. आजार पूर्ण गेलेला नाही. धावपळीच्या दिवसांत आजही एखाददुसरा केस जातो. पण जागा भरली. दिवाळीला ती माहेरी राहून आली. आल्यावर तिची तक्रार वेगळीच होती. "नवं केस उभंच राहत्यात, मॅडम. ते बसवायचं औषध हाय का?"

एका पेशंटवरून मी कुणाला हमी देत नाही. पुढे दुसऱ्या एका पेशंटला याच कॅप्सूलने काडीचा फरक पडला नाही. पहिल्या आठवड्यातला आनंद पेशंटला होतो, घरच्यांना होतो आणि डॉक्टरलाही होतो. तो जरूर व्हावा. त्यावर प्रिस्क्रिप्शन लिहू नये, एवढंच.