टबाची सरकारी पाहणी

मंगरूळपिरात सरकारी पाहणी झाली आहे ती फक्त माझ्याच आंघोळीची.

तीस वर्षं मेथी-पालकाच्या वाफ्यात वाकून माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यात बसत जा. मी थेट चौघं मावतील एवढा, हीटरवाला टब मागवला आणि गच्चीवर ठेवायचं ठरवलं.

वायरमन गजाननभाऊ म्हणाला, "दादा, पाणी भरलं का टनाच्या वर जाईन. स्लॅब खाली येईन."

"स्लॅब माहा आहे."

"हो, पण खाली वहिनी राह्यते ना."

टब अंगणात आला. मग गजाननभाऊची यादी सुरू झाली. अर्थिंग पाह्यजे, ब्रेकर पाह्यजे, स्विच टबातून हाताला लागला नाही पाह्यजे, लेकरं पडू नये म्हणून कुलपाचं झाकण पाह्यजे. वर नगर परिषदेत विचारा!

"माह्या घरात, माह्या पाण्यात मी बसतो. त्याले परवानगी कायले?" असं मी तिथल्या अधिकारी बाईंनाही ठणकावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाहून जाते. पायऱ्या आन् धरायले कठडा लावून ठेवा." त्यांनी पुढे केलेल्या कागदावर मी रागातच सही ठोकली.

बाकी सगळं केलं, पण पायऱ्या आणि कठडा तेवढे लावले नाहीत. कठडा म्हाताऱ्यांना लागतो. (मी एकसष्टचा.)

पहिल्याच सकाळी स्टुलावर चढून टबात उतरलो. गुडघे असे सैलावले की उठायची वेळ झाली तरी उठेनात. कडा निसरड्या. पाणी तापतच चाललेलं. आणि स्विच, नियमाप्रमाणे, आठ फुटांवर.

"सुमन!"

बायको आली. तिच्या मागे त्या बाई. मी पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत. सुमननं स्विच बंद केला. बाईंनी भिंतीकडे तोंड करून पाहणी सुरू केली.

"कठडा?"

"नाही."

"पायऱ्या?"

"नाही."

"मंग बाहेर कसे निंघता?"

सुमननं गजाननभाऊला फोन लावला. शेवटी त्यानंच येऊन माझ्या काखेत हात घालून मला उपसलं. टॉवेल गुंडाळून मी बाईंवर कडाडलो, "दुसऱ्याच्या घरी यायची वेळ आधी कळवा लागते."

"कळवली होती," बाई भिंतीलाच म्हणाल्या आणि हातातला कागद मागे केला.

मी चष्मा लावला. आजचीच तारीख, हीच वेळ. खाली छापलं होतं, 'पाहणीच्या वेळी मालक जागेवर हजर राहील.' त्याखाली माझी ठसठशीत सही.

तेवढा एक नियम मी तंतोतंत पाळला होता.