साडूंची माडी

आमच्या थोरल्या साडूंइतका पायाखालच्या जमिनीवर अविश्वास असलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. कोणाच्याही माडीवर गेले, की आधी टाचेने दणके देत आणि मगच रामराम करत. अमरावतीला आमच्या घरी बारशाला आले, तर माडीवरच्या भर पंगतीतून एकेका जाडजूड पाहुण्याला हाताला धरून उठवत सुटले. "मधात नका बसू, भिताडाकडे सरका! खालच्या कड्या बारीक हायेत." सासूबाई नेमक्या मधोमध बसल्या होत्या. त्यांना उठवायची मात्र साडूंची छाती झाली नाही. त्या जेवून उठेपर्यंत हे आपले श्वास रोखून उभे.

हे भय उगीच नव्हतं. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अकोल्यात लोकांनी देवघरंसुद्धा कापसाने भरली. साडूंनीही आपली जुनी माडी आढ्यापर्यंत भरली. एका दुपारी खाली जेवत असताना माडीला तोलणारी मधली कडी कडाडली आणि ताटात माती पडली. कडीची भिंतीतली टोकं वाळवीने पोखरली होती. कापूस उतरवला, टेकू लावले, आणि त्या दिवसापासून साडूंना कड्यांचं वेड लागलं. जुन्या कडीला लगटून मेळघाटचं नवं सागवान बसवायचं, लोखंडी पट्ट्यांनी दोन्ही आवळायची. एक झाली, की शेजारच्या कडीवर संशय.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, एकच हौस होती. माडीच्या खिडकीत बसून बाजाराकडे जाणारी कापसाच्या गाड्यांची रांग बघायची.

"मले एक डाव वर जाऊ द्या ना."

"थांब ना थोडी. पक्की होऊ दे."

सुगीमागून सुगी गेली. माडी पक्की झाली, तोवर संधिवाताने तिचे गुडघे धरले होते. साडूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. हातांची बैठक करून आम्ही दोघांनी तिला वर नेऊन खिडकीशी बसवलं. कुठे एवढंसंही करकरलं नाही.

रस्त्यावरून एक म्हैस चालली होती. बाकी सामसूम.

"गाड्या कुठी हायेत?" तिने विचारलं.

"तिकडची लढाई सरली. भाव पडला," साडू म्हणाले. "मीच लय थांबवलं तुले."

"असू द्या. हवा मस्त येऊन राहिली इथं," ती म्हणाली, आणि लुगडं आवरून तिने त्यांना शेजारी जागा करून दिली.