खात्रीरावांची एक ओळ

पाण्याच्या मीटरचे आकडे घेत फिरणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली खात्रीराव म्हणायची. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. दारात कुत्रं गुरगुरत असो की मीटरवर कोळ्याने संसार थाटलेला असो, हे गुडघे टेकणार, काच पुसणार, टॉर्च मारून आकडा दोनदा वाचणार. दूध उतू गेलं तरी हे आधी "कुणी पाहिलं?" असं विचारतील, असं त्यांची बायको म्हणायची.

फोनवर मात्र त्यांचा अंगठा डोळ्यांच्या पुढे धावायचा. एका दुपारी जेवून आडवे झाले असताना गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. हिरवा एप्रन घातलेली एक बाई गटाराच्या पाण्यात भाजी धुतेय. कोपऱ्यावर निवडून-चिरून भाजी विकणाऱ्या ताईसुद्धा हिरवाच एप्रन घालायच्या. खात्रीरावांनी खाली लिहिलं, "ही आपल्या कोपऱ्यावरचीच. सावध राहा." आणि कुशीवर वळून घोरू लागले.

खात्रीरावच म्हणतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? संध्याकाळपर्यंत ती ओळ शेजारच्या तीन गल्ल्या फिरून आली.

तीन आठवड्यांनी मुलीने तोच व्हिडिओ मोठा करून त्यांच्या नाकासमोर धरला.

"बाबा, मागची पाटी बघा. ही लिपी तरी आपली आहे का?"

खात्रीरावांनी चष्मा चढवला. नव्हती.

"तेव्हा चष्मा होता का डोळ्यांवर?" बायकोने विचारलं.

"आडवा झालो होतो गं."

"मग अंगठ्यालाही आडवं करायचं होतं."

खुलासा लिहायला त्यांनी चारदा फोन उचलला, चारदा ठेवला. सव्वीस वर्षांचं नाव आपल्याच हाताने पुसायचं जिवावर आलं. तेवढ्यात आकडे घ्यायची तारीख उजाडली. ताईंच्या घराशी पोचल्यावर आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, 'दार बंद' असा शेरा मारावा आणि सटकावं. पण ताईच दारात उभ्या होत्या.

मीटर मोरीमागे. त्यांनी काच पुसली, आकडा वाचला, मागच्या महिन्याचा त्यातून वजा केला. पुन्हा केला. गल्लीत सर्वांत जास्त पाणी याच घराला लागायचं, कारण ताई एकेक पान तीन पाण्यांतून काढायच्या. नऊ वर्षं तो आकडा खात्रीराव स्वतःच्या हाताने लिहीत होते. या बाईला गटाराचं पाणी कशाला लागेल, हे इतर कुणाला नाही तरी त्यांना कळायला हवं होतं. आणि या महिन्याचं पाणी निम्म्याहूनही कमी. त्यांना उठावंसंच वाटेना.

"गळती आहे का हो, भाऊ?" ताईंनी विचारलं.

"नाही. उलट कमीच आहे."

"असणारच. धुवायचं कुणासाठी? कुणीतरी माझ्याबद्दल काहीबाही पसरवलंय म्हणे. मी नाही त्या ग्रुपात. तुमचा शब्द मानतात लोक. तुम्ही सांगून बघाल का?"

खात्रीराव मीटरकडे बघूनच बोलले, "ताई, ते मीच लिहिलं होतं."

"तुम्ही?"

एवढंच. चार शिव्या हासडल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं.

ते तिथेच ओल्या फरशीवर बसून टाइप करू लागले. 'तो व्हिडिओ आपल्या कोपऱ्यावरच्या ताईंचा नाही. त्या भाजी नळाच्या पाण्यात तीनदा धुतात.' फोन त्यांनी ताईंपुढे धरला.

ताईंनी सावकाश वाचलं. "आणि माझाच आहे असं कुणी सांगितलं होतं, ते?"

त्यांनी तेही लिहिलं. पाठवलं. लगेच गल्लीतल्या न्हाव्याचं उत्तर आलं, 'आता आमच्या मीटरचे आकडेही परत तपासा, खात्रीराव!' पाठोपाठ हसरे चेहरे. ताईंबद्दल एकाचाही शब्द नाही.

"काही आलं का?" ताईंनी विचारलं.

"माझ्यावर हसतायत."

"हसू देत. गिऱ्हाईक येतंय का बघायचं." ताईंनी पंच्याने मोरीचा कट्टा पुसला आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आकडा घ्यायला दुसरं कुणी येऊ शकतं का, तेवढं ऑफिसात विचारा."

"विचारतो," खात्रीराव म्हणाले.