कॅमेऱ्याशेजारची खुर्ची

ज्या माणसाचा हेवा वाटतो त्याचा चेहरा मोठ्या पडद्यावर लावून, रंग सुधारून, पुढे-मागे करत दिवसचे दिवस बघत बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आली, कारण माझा धंदाच तो आहे. मी कंपन्यांचे व्हिडिओ करते. चेहरा माझ्या धाकट्या जावेचा होता.

आमचं घर घणसोली गावात. सासऱ्यांची शेती शहराखाली गेली, मग त्यांनी एक ट्रक घेतला, त्याचे पुढे ट्रेलर झाले, आणि आता न्हावा शेव्याला डबे, म्हणजे कंटेनर, पोचवायचा घरचा व्यवसाय आहे. मी नेरूळच्या फ्लॅटमधली. आईवडील साताऱ्याकडचे, दोघं नोकरदार. प्रेमविवाह करून या घरात आले. जाऊ आली करंजाड्याच्या बाजूने, रीतसर बघून, हळदीला अख्खा गाव नाचवून. आल्या आल्या ती सासऱ्यांशी त्यांच्याच बोलीत भांडायला लागली आणि बघता बघता न्हाव्याला, आमचे ट्रेलर उभे राहतात त्या यार्डातल्या ऑफिसात बसायलाही लागली. मला या घरात इतकी वर्षं झाली, तरी मी 'मला'च्या जागी 'मना' म्हटलं की सगळे कौतुकाने हसतात. पाहुण्यांच्या मुलाने श्लोक म्हटला की हसतात ना, तसं.

माझं काम काय, ते घरात कोणाला नीटसं कळत नव्हतं. आमच्या गावात शूटिंग म्हणजे हळदीचं शूटिंग. सासरे माझी ओळख करून देताना म्हणायचे, "मोठी शूटिंगला जाते," आणि समोरचा लगेच विचारायचा, "ड्रोन हाय का?" धाकटीची ओळख करून देताना मात्र आवाज चढायचा. "धंदा हीच बघते." ते ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं, हे सरळ सांगते.

त्यातच खालच्या खोलीचा प्रश्न आला. तळमजल्यावरची, रस्त्याकडे दार असलेली खोली. भाडेकरू सोडून चालले होते. मी तोवर बेडरूममध्ये, कपाट आणि पलंगाच्या मधल्या टेबलावर एडिटिंग करत होते, शेजारी वॉशिंग मशीन घरघरत असायचं. ती खोली मला हवी होती. धाकट्या दिरांच्या मनात तिथे ऑफिस थाटायचं होतं, म्हणजे जावेला रोज न्हाव्याला जायला नको. सासरे म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे आधी काहीतरी करून दाखवा.

करून दाखवायची संधी लगेच आली. आमच्या गाड्यांना एका परदेशी कंपनीचं काम मिळण्याची शक्यता होती आणि त्यांनी ओळखीदाखल व्हिडिओ मागितला होता. दीर कुठल्याशा एजन्सीला फोन लावणार, तेवढ्यात जाऊ म्हणाली, "बाहेरचा मानूस कशाला? घरात वयनी हायत ना." म्हणजे मला माझ्याच घरातलं काम मिळालं, तेही तिच्या शिफारशीने. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण काम घेतलं. खोली डोळ्यांसमोर होती.

कंपनीचा व्हिडिओ कॅमेऱ्यापासून सुरू होत नाही. तो एका प्रश्नापासून सुरू होतो: हा बघून समोरच्याने काय करावं? मी सगळ्यांना बसवून तो प्रश्न विचारला. सासरे म्हणाले, "काय करावा म्हंजे? बघावा." मग मी जाऊन यार्ड पाहून आले, ऊन कुठल्या बाजूने येतं, गाड्यांचा आवाज कधी कमी असतो ते बघितलं, आणि संहिता लिहिली. सुरुवातीला सासरे खुर्चीत बसून गेलेल्या शेताबद्दल आणि पहिल्या ट्रकबद्दल बोलणार, मग ट्रेलर, मग माणसं, मधूनमधून भारदस्त आवाजात निवेदन. कागदावर ती इतकी छान दिसत होती की मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. जाऊ त्यात कुठेच नव्हती. विसरून नव्हे.

शूटिंगच्या सकाळी यार्डात पोचलो आणि मी कपाळावर हात मारला. ड्रायव्हरांनी सगळे ट्रेलर धुऊन, झेंडूच्या माळा घालून, बोनेटला हळदकुंकू लावून दसऱ्यासारखे सजवून उभे केले होते. घरचं शूटिंग म्हणजे कार्यच, मग गाड्या काय तशाच उभ्या करायच्या? परदेशी कंपनीला रोजचं काम दाखवायचं होतं, आणि माझ्यासमोर वरातीची रांग. माळा काढा असं थेट म्हणायची माझी हिंमत होईना. सासऱ्यांनी स्वतः नारळ फोडला होता. शेवटी जावेने एका वयस्कर ड्रायव्हरला हाक मारली, "काका, देवाचा झाला, आता पावन्यांचा," आणि माळा उतरल्या. मी हेच अर्धा तास इंग्रजी-मराठीत आडून आडून समजावून थकले होते.

मग यार्डातल्या ऑफिसात सासऱ्यांची मुलाखत. एरवी गप्पांना बसले की उठू न देणारा माणूस, पण दिवे लागले, कॉलरला माइक लागला आणि ते पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ झाले. "नमस्कार. आमच्या कंपनीमध्ये आपले हार्दिक स्वागत आहे." हे वाक्य त्यांनी कुठून आणलं देव जाणे. मी परोपरीने विचारलं. शेताबद्दल विचारलं तरी हार्दिक स्वागत, ट्रकबद्दल विचारलं तरी हार्दिक स्वागत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शेवटी ते घाम पुसत उठले आणि म्हणाले, "धाकटीला बसव. ती बोलल."

बसवली. कॅमेरामन दिवा सरकवत असताना तिने घाबरून विचारलं, "वयनी, बघू कुठं?"

मुलाखतीत बोलणारा कॅमेऱ्यात बघत नाही. प्रश्न विचारणारा भिंगाला अगदी खेटून खुर्ची टाकून बसतो आणि बोलणाऱ्याने त्याच्याकडे बघायचं असतं. त्याचा प्रश्न पुढे कापला जातो, तो स्वतः कुठेही दिसत नाही. राहतं ते फक्त समोरच्याचं बोलणं आणि त्याची नजर. मी तिला म्हटलं, "माझ्याकडे बघ. कॅमेरा आहे हे विसर."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती बोलायला लागली. एका ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. त्याच्या मुलीला ताप होता, गाडी हायवेला होती आणि बंदराचं गेट बंद व्हायची वेळ जवळ येत होती. तिने दुसरा ड्रायव्हर मोटरसायकलवर पाठवला, पहिल्याला घरी धाडलं, आणि डबा वेळेत आत गेला. "डबा सगल्यांना दिसतो," ती म्हणाली, "मना तो नेनारा डायवर दिसतो. तो घरी पोचला का, ता मी आधी इचारते." ना अडखळणं, ना हार्दिक स्वागत. कॅमेरामनने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

मुलाखत संपली की आम्ही सगळ्यांना गप्प बसवतो आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतो. बोलणं कापून जोडताना मध्ये जी फट पडते, तिथे तीच शांतता भरावी लागते. कॅमेराही तसाच चालू ठेवतो. बहुतेक लोक त्या वेळात छताकडे बघतात नाहीतर हसू दाबतात. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि मी तोंडी परीक्षा घेत असल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घालून हेडफोनची वायर गुंडाळली.

एडिटिंगला बसले आणि पहिल्यांदा तिला वगळून व्हिडिओ केला. मनात पाप होतं म्हणा, पण कारणही तयार होतं: संहितेत ती नव्हतीच. निवेदनासाठी नेहमीचे गृहस्थ बोलावले, त्यांचा आवाज असा की दुधाची पिशवीसुद्धा राष्ट्रीय संपत्ती वाटावी. ट्रेलर, क्रेन, वरून यार्ड, खाली संगीत. नवऱ्याला दाखवला. तो निम्म्यात फोन बघायला लागला आणि संपल्यावर म्हणाला, "बरा आहे." मला माहीत होतं. तो व्हिडिओ कोणत्याही कंपनीचा असू शकला असता.

तेव्हा तिला परत आत घेतलं. मोठ्या मनाने वगैरे नाही. सासऱ्यांना माझं काम आयुष्यात एकदा नीट दिसणार होतं आणि ते 'बरं' असून चालणार नव्हतं. मग बसले तिच्या चेहऱ्यासमोर. तिच्या गालावरची दिव्याची चमक कमी केली. बांगड्यांचा आवाज काढला. तिचे 'म्हंजे' एकेक करून कापले आणि प्रत्येक फटीत त्या ऑफिसातली शांतता भरली. निवेदकाची निम्मी वाक्यं उडवली, कारण जावेचं बोलणं ऐकल्यावर ती वाक्यं खोटी वाटायला लागली, आणि ती मीच लिहिलेली होती. जितकं मन लावून काम करत होते तितकी जाऊ उजळत होती. माझ्याच हातांनी तिला सजवत होते आणि आतून तिळपापड होत होता.

कच्चा व्हिडिओ पाहून घरच्यांनी सूचना दिल्या. गावदेवी सुरुवातीला का नाही? लोगो मोठा करा. आणि मोठ्या काकी, म्हणजे सासऱ्यांच्या वहिनी, कुठे आहेत? हळदीच्या व्हिडिओत एक जरी नातेवाईक सुटला तरी वर्षभर अबोला असतो, हे मला ठाऊक होतं. काकींना ऑफिसात चहाचा कप देऊन बसवलं, शूट केलं आणि परदेशी कंपनीसाठीच्या व्हिडिओत घातलं. लोगो मोठा केला. गावदेवीला पहिली जागा दिली.

पक्का व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवर लावला. दीर, काकी, नवरा, सगळे जेवणाआधी जमले होते. सासरे शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "धाकटी बोलते ता परत लाव." परत लावलं. मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "कोनाशी बोलते गो ही? जिवाभावाच्या मानसाशी बोलल्यासारका बोलते."

"वयनीशी," जाऊ म्हणाली. "समोर वयनी बसल्या होत्या. दुसरा कोनी असता त मना बोलालाच आला नसता."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि त्याच दमात म्हणाले, "खालची खोली हापिसाला देऊ. पावने येतील आता, ही बसल तिथं."

हात दाखवून अवलक्षण. मी रिमोट टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला उठले. मागून जावेचा आवाज आला. "नको बाबा. मना यार्डातच बरा वाटतो, डायवर समोर दिसतात. खोली वयनीला द्या, त्या कपाटाच्या मागं बसून काम करतात." सासरे म्हणाले, "बरा." काकी म्हणाल्या, "बघा, मन कवढा मोठा हाय पोरीचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे खोली मला मिळाली, ती माझ्या कामावर नाही, तिच्या मोठेपणावर. उदारपणासुद्धा तिलाच शोभून दिसतो, मी केला असता तर आगाऊपणा ठरला असता.

आता मी त्याच खोलीत बसते. दार रस्त्यावर उघडतं, टेबल मोठं आहे, वॉशिंग मशीन ऐकू येत नाही. जाऊ यार्डातून येताना कधीकधी दारातूनच विचारते, "वयनी, चा झाला?" आणि मी 'झाला' म्हणते, झालेला नसला तरी.

त्या व्हिडिओचं सगळं चित्रण माझ्याकडे आहे. मधेच एखाद्या दुपारी मी त्यातला तो शांततेचा तुकडा लावते. कोणी बोलत नाही, बाहेर लांबवर एक ट्रेलर मागे येत असतो, आणि ती खुर्चीत बसून कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, माझ्याकडे बघत असते. त्या नजरेत काही मागणं नाही, मोठेपणाही नाही, नुसता विश्वास आहे. तसं मी तिच्याकडे कधीच पाहिलेलं नाही. त्या वेळी माझा चेहरा कसा होता ते तिने समोरून पाहिलंय आणि कधी बोलून दाखवलेलं नाही. कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं, हे माझं नशीब.