तळ्याच्या बांधावरची सायकल

१९२६ सालच्या मार्गशीर्षात माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान रोह्याहून सायकलने निघाले आणि रेवदंड्याला घरी पोहोचले नाहीत. ते गावोगाव फिरून लस टोचणारे सरकारी नोकर होते. त्या दिवशी त्यांच्याबरोबर लशीची पेटी, हवा भरायचा पंप आणि सायकलला लावायचा कार्बाइडचा दिवा होता. रोह्यातल्या एका हॉटेलवाल्याने त्यांना चहा पिऊन डोंगराच्या रस्त्याला लागताना पाहिले. त्यापुढे त्यांना पाहिल्याचे कोणी सांगितले नाही.

रस्ते दोन होते. एक खाडीच्या कडेने सरळ साळावपर्यंत जाई. तिथून तरीने खाडी ओलांडली की रेवदंडा. दुसरा डोंगरातून जाई. तो लांबचा आणि वाईट होता, पण डोंगरावरच्या वाड्यांत लस टोचायची असली की ते तोच घेत. रोह्याबाहेरची शेते संपली की चढ लागे. अर्ध्या चढानंतर सायकलवरून उतरून ती ढकलावी लागे. माथ्यावर सपाटी होती, तिथे एक गाव आणि गावाच्या खाली तळे. तळ्याच्या बांधावरूनच गाडीवाट पुढे जाई. बांधाच्या मध्यावर उंबर होता आणि उंबराजवळ कौलारू देऊळ. देवीला गावात नुसते ‘आई’ म्हणत. बांध संपला की चणेऱ्यापर्यंत उतार. त्या उतारावर ब्रेक तापून रबराचा वास येई.

पोलीस या रस्त्याने जाऊन आले. ताईचे थोरले दीर जाऊन आले. त्यांना मी सासरच्या इतर माणसांप्रमाणे अण्णा म्हणत असे. पेटी, सायकल, कपडा, काहीही मिळाले नाही.

परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. त्या दिवसापासून बायको विधवा. मृत्यूचा पुरावा मिळाला तर बारा वर्षे थांबावे लागत नाही. आमच्या घरांत तेव्हा विधवेचे केशवपन होत असे. अण्णांच्या घरात तर त्याबद्दल दुसरा विचार कोणी बोलून दाखवला नव्हता. ताई तेव्हा बावीस वर्षांची होती. ती कुंकू लावत होती, हळदीकुंकवाला जात होती, आणि तिला बोलावणाऱ्या बायका ओटी भरताना एकमेकींकडे पाहत, असे तिने मला एकदाच सांगितले.

मी मुंबईत एका वर्तमानपत्रात नोकरीला लागलो. दर हिवाळ्यात रजा घेऊन रेवदंड्याला जाई आणि एक दिवस सायकलने तो रस्ता करी. वाटेत भेटेल त्याला विचारी. भात कापून झालेले असे, शेतांत वाल उभा असे. संध्याकाळी बांधाबांधावर भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा भाजत बसलेली माणसे मला बसवून घेत आणि शेंगा देत. सायकलवरचा माणूस पाहिला का, या प्रश्नाला उत्तर एकच मिळे. न्हाय.

१९३५च्या डिसेंबरात तळ्याच्या अलीकडे माझे मागचे चाक पंक्चर झाले. ट्यूब काढून मी ती तळ्याच्या पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहण्यासाठी. देवळाचा गुरव धावत आला. आईच्या पाण्यात रबर बुडवू नका, असे त्याने बजावले आणि देवळामागे चूळ भरायला ठेवलेली घागर आणून दिली. मी ठिगळ लावत असताना तो शेजारी उकिडवा बसून राहिला.

“रावसाहेब, तुमची सायकल लई कुरकुरते,” तो म्हणाला. “आमच्या आईची बघा. इतकी वर्सं झाली, एकदा पंचर न्हाय.”

मी विचारले, आईला सायकल कुठली? त्याने देवळाकडे बोट केले. इतक्या वर्षांत मी त्यात कधी शिरलो नव्हतो.

आत तुळईला घंटा टांगलेल्या होत्या, नवसाचे लाकडी पाळणे होते. त्यांच्या मधोमध काथ्याच्या दोरीने एक सायकल टांगलेली होती. हँडलला शेंदूर लावलेला होता. टायर चिरलेले होते. बैठकीवर खणाच्या कापडाची गादी होती. ती गादी ताईने माझ्यासमोर शिवली होती. खण पुरला नाही म्हणून मागच्या बाजूला तिने निळ्या कापडाचा तुकडा जोडला होता. तो तुकडा तिथे होता. पंप दांडीला जागच्या जागी होता. पुढचा दिव्याचा आकडा रिकामा होता.

गुरवाने जे सांगितले ते असे. एका मार्गशीर्षात सकाळी ही सायकल उंबराला मागच्या अंगाने, वाटेवरून दिसणार नाही अशी टेकवलेली मिळाली. उंबराखाली जे ठेवले जाते ते आईचे. त्याला हात लावायचा नाही. लोक तिथे कोंबडा बांधतात, नांगराचा फाळ ठेवतात, एकाने शिवणाचे यंत्र ठेवले होते. सायकल चैत्रातल्या जत्रेपर्यंत तिथेच उभी होती. जत्रेच्या दिवशी गावाने ती आत घेतली.

पोलीस आले तेव्हा सांगितले का नाही, असे मी विचारले.

“त्यांनी माणूस इचारला. माणूस कुनी बघितलाच न्हवता.”

“आणि सायकल कोणाची, हे तुम्ही कोणाला विचारलं नाही?”

“कुनी ठेवलं ते इचारायचं नसतं,” तो म्हणाला. “इचारलं की नवस तुटतो.”

उंबरापासून एक पायवाट वर रानात जाते. वरच्या कातकरी वाड्यांना जायला तीच वाट आहे आणि तिच्यावर सायकल चालत नाही. मी त्या वाटेने वाडीपर्यंत गेलो. वाट दोन ठिकाणी घळीच्या अगदी कडेने जाते. वाडीतल्या माणसांना त्या वर्षी टोचायला कोणी आल्याचे आठवत नव्हते. टोचणारा आला की ती माणसे मुले घेऊन रानात जात, हेही त्यांनी सांगितले.

रेवदंड्याला पोहोचल्यावर मी ताईला घरामागच्या नारळीच्या आगरात, विहिरीपाशी गाठून सांगितले. तिने रहाटाची दोरी सोडली नाही.

“दिवा होता?” तिने विचारले.

“नाही. पंप होता, दिवा नव्हता.”

“मग काढून घेतलाय. सायकल ठेवून चालत गेलेत.” घागर वर ओढून ती म्हणाली, “अण्णांना मीच सांगते. बाहेरून कळायला नको.”

तिने त्याच दिवशी जेवणे झाल्यावर सांगितले. अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते कठोर गृहस्थ नव्हते. धाकट्या भावाचे श्राद्ध करता येत नाही, याचा त्यांना खरोखर त्रास होत असे आणि त्यांच्या मुलीचे लग्न दोनदा मोडल्यावर तो वाढला होता. ते म्हणाले, सायकल तळ्याच्या काठावर मिळाली, माणूस तळ्यात गेला, आता आणखी कसला पुरावा हवा? ताईने दिव्याचे सांगितले. त्यावर ते म्हणाले, दिवा कोणीही नेला असेल. आईच्या वस्तूला तिथे कोणी हात लावत नाही, असे मी म्हणालो. उपाध्यायांना निरोप गेला. उपाध्यायांनी सांगितले की पुरावा म्हणून सायकल घरी आली तर बारा वर्षे थांबायचे कारण नाही.

अण्णा सायकल आणायला गेले. मी बरोबर होतो. गावाने सायकल द्यायला नकार दिला. शेवटी असे ठरले की आईला कौल लावायचा. देवीच्या मूर्तीला दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवतात. उजवे आधी पडले तर सायकल घरच्यांची, डावे पडले तर ती नवसाची. अण्णांनी मान्य केले. आमच्याकडच्या कोणीही मान्य केले असते. कौलाला नाही म्हणायचे नसते. बराच वेळ दोन्ही फुले तशीच राहिली. मग डावे पडले.

परत येताना चणेऱ्याच्या उतारावर अण्णा बैलगाडीत होते आणि मी सायकलवर. त्यांनी मला थांबवून विचारले, “त्याने कसला नवस केला असेल?” मला माहीत नव्हते, तसे मी सांगितले.

उपाध्यायांनी कौलाचे ऐकून आपले मत बदलले. “नवस फेडून गेलेला माणूस मेलेला कसा धरायचा?” ते म्हणाले. “बारा वर्षं पुरी होऊ द्या.”

ती १९३८च्या मार्गशीर्षात पुरी झाली. विधी रोह्याला नदीकाठी झाला. विधीच्या आधी आठवडाभर ताई लाँचने मुंबईला माझ्या बिऱ्हाडी आली. तिच्याबरोबर एक ट्रंक होती. अण्णा तिला धक्क्यापर्यंत पोहोचवायला आले होते. ट्रंक त्यांनीच उचलली, असे ती म्हणाली. विधीच्या दिवशी तिने स्वयंपाक केला आणि रोजच्यासारखे कुंकू लावले. आमच्या चाळीतल्या बायकांना ती माझी बहीण आहे आणि तिचे यजमान बाहेरगावी असतात, एवढे माहीत होते. संक्रांतीला त्यांनी तिला हळदीकुंकवाला बोलावले. ती गेली. रेवदंड्याहून सासरच्या बायकांपैकी कोणाचेही पत्र नंतर आले नाही.

१९३९च्या डिसेंबरात मी पुन्हा तो रस्ता केला. ताई वर्षभर मुंबईबाहेर गेली नव्हती. देवळात सायकल तुळईला होती. तिच्या पुढच्या आकड्यात कार्बाइडचा दिवा बसवलेला होता. दिव्याची काच तडकलेली होती आणि पितळ काळे पडले होते. ताईच्या यजमानांच्या दिव्याला झाकणापाशी पोचा होता. याला त्याच जागी पोचा होता.

गुरव म्हणाला की पावसाळा संपल्यावर तो दिवा उंबराखाली दिसला. सायकलचाच वाटला म्हणून गावाने तो सायकलला लावला. कोणी ठेवला, हे मी विचारले नाही. विचारले असते तरी त्याने तेच उत्तर दिले असते.

दिवा उघडून पाहू का, असे विचारले. बघायला हरकत न्हाय, न्यायचा न्हाय, असे तो म्हणाला. अशा दिव्यात वरचे पाणी खालच्या कार्बाइडवर ठिबकते, त्यातून निघणारा वायू जळतो आणि मागे ओला चुना राहतो, तो पुढे सुकतो. वरच्या टाकीत पाणी नव्हते. खालच्या डबीत कार्बाइडचा एकही खडा उरला नव्हता. जळून झालेला पांढरा चुना होता.

मुंबईला गेल्यावर हे सगळे मी ताईला याच क्रमाने सांगितले. चुना ओला होता की कोरडा, एवढेच तिने विचारले.

कोरडा होता.