राखीव खेळाडूचा मार्क

मिरजगावला हायवेवरचे भजीवाले मामा रात्री टीव्हीवर झालेल्या कबड्डीतल्या एकेका खेळाडूला सकाळी दहापैकी मार्क देतात. कढईत झारा फिरवता फिरवता, पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखे. "डाव्या कोपऱ्यातल्याला चार. पाय धरतो, पन दम न्हाई." सहाच्या वर कुणीच जात नाही.

त्यांचा पोरगा त्यातल्याच एका संघात राखीव आहे. त्याचं विचारलं की म्हणायचे, "जो उतरलाच न्हाई, त्याला काय देनार?"

परवा शेवटच्या मिनिटाला पोरगा उतरला. पहिल्याच चढाईत पकडला गेला आणि सामना हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भजी घ्यायला गेलो, पण मी मुद्दाम पोराचं विचारलं नाही. मामाच म्हणाले, "शून्य." मग हसायला गेले. "पन मार्क तर पडला."

कढईतली भजी काळी पडेस्तोवर ते तसेच उभे राहिले.